डिस्कवरची जागा जाते कुठे? घरच्या संगणकाचा जमाखर्च



दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली की संगणक कक्षात एक प्रश्न हमखास येतो: "डिस्क भरली असा संदेश येतोय, पण आम्ही तर नवीन काहीच ठेवले नाही!" थोडे विचारले की उलगडा होतो. गणपतीच्या आरत्यांचे व्हिडिओ, नवरात्रात नऊ रात्रींच्या गरब्याचे चित्रण, दिवाळीचे फोटो, हे सगळे फोनमध्ये मावेना म्हणून संगणकात उतरवलेले असते. तरीही पालकांचे म्हणणे अगदीच चुकीचे नसते. ठेवलेल्या वस्तूंची बेरीज केली तरी भरलेल्या जागेचा हिशेब पुरता लागत नाही. काही जागा खरोखरच हरवल्यासारखी वाटते.

या पाठात आपण ती जागा शोधायला शिकणार आहोत. पण पहिले सूत्र आधीच सांगून ठेवतो. जागा कधी हरवत नाही, ती कोणीतरी व्यापलेली असते. कोणी व्यापली हे कळण्यापूर्वी काहीही पुसायचे नाही. घाईने पुसलेल्या जागेबरोबर आजीच्या आवाजातली ओवीही जाते, आणि ती बाजारात पुन्हा विकत मिळत नाही. जागा मात्र मिळते. म्हणून क्रम असा: आधी मोजा, मग ओळखा, मग प्रत करा आणि शेवटी पुसा.

१. खोक्यावरचे जीबी आणि पडद्यावरचे जीबी

नवी ५०० जीबीची डिस्क जोडली की विंडोज ती ४६५ जीबीची दाखवते. दुकानदाराने फसवले असे वाटते, पण तसे नाही. डिस्क बनवणारे १ जीबी म्हणजे १,००,००,००,००० (शंभर कोटी) बाइट धरतात. विंडोज मात्र १०२४ च्या पटीत मोजते. तिचा १ जीबी म्हणजे १०२४ × १०२४ × १०२४, म्हणजेच १,०७,३७,४१,८२४ बाइट. माप मोठे, म्हणून आकडा लहान. त्याच हिशेबाने २५६ जीबीची डिस्क २३८ जीबी दिसते आणि १ टीबीची ९३१ जीबी. हा गोंधळ मिटावा म्हणून १९९८ मध्ये १०२४ च्या पटीतल्या मापांना किबी, मेबी, गिबी अशी वेगळी नावे ठरवण्यात आली, पण विंडोज अजूनही आपल्या मापाला जीबीच म्हणते.

दुसरी एक बारीक गळती पाहा. कोणत्याही फाइलवर उजवी टिचकी मारून प्रॉपर्टीज उघडा. तिथे 'साइज' आणि 'साइज ऑन डिस्क' असे दोन आकडे दिसतील. डिस्क जागा देते ती ठरावीक खणांनी. घरगुती विंडोजमध्ये एक खण सहसा ४०९६ बाइटचा असतो. ५००० बाइटच्या फाइलला दोन खण, म्हणजे ८१९२ बाइट लागतात आणि उरलेली जागा दुसऱ्या फाइलला मिळत नाही. एका फाइलचे नुकसान क्षुल्लक आहे, पण लाखो लहान फाइली असतील तर ते जाणवते.

२. ताळेबंद मांडा

आता घरच्या हिशेबाची वही काढा. उदाहरणादाखल २५६ जीबीची डिस्क असलेला एक संगणक धरू. पडद्यावर ती २३८ जीबी. त्यातला सुमारे १ जीबी दुरुस्तीसाठी राखून ठेवलेल्या भागांत गेला. सी ड्राइव्ह राहिला २३७ जीबीचा. विंडोज म्हणते की २२५ जीबी वापरले आणि १२ उरले.

सहज दिसणाऱ्या फोल्डरांचे प्रॉपर्टीज पाहून आकडे लिहू:

विंडोज: २५ जीबी
प्रोग्रॅम फाइल्स: २८ जीबी
यूजर्स, म्हणजे घरातल्या सगळ्यांचे सामान: १२५ जीबी
विंडोज डॉट ओल्ड: २१ जीबी
एकूण: १९९ जीबी

वापरलेले २२५, सापडलेले १९९. मग २६ जीबी कुठे गेले? तेही शोधू:

रीसायकल बिनमध्ये पडून असलेल्या फाइली: ९ जीबी
रिस्टोअर पॉइंट, म्हणजे संगणक पूर्वस्थितीत नेण्यासाठी ठेवलेल्या नोंदी: १० जीबी
पेजफाइल: ४ जीबी
हायबरनेशनची फाइल: ३ जीबी
एकूण: २६ जीबी

ताळेबंद जुळला! तुमच्या घरचे आकडे वेगळे असतील, पण मांडणी हीच. यातल्या शेवटच्या दोन फाइली विंडोज स्वतः लपवून ठेवते, म्हणून साध्या बेरजेत त्या येत नाहीत. पेजफाइल म्हणजे रॅम अपुरी पडली की डिस्कवर वापरली जाणारी जादा जागा. हायबरनेशनच्या फाइलीत संगणक झोपवताना रॅममधला मजकूर उतरवला जातो. म्हणून तिचा आकार रॅमच्या प्रमाणात असतो. विंडोज १० पासून तो सहसा रॅमच्या ४० टक्के धरला जातो. ८ जीबी रॅम असेल तर सुमारे ३ जीबी.

घरात प्रत्येकाचे वेगळे खाते असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. रीसायकल बिन प्रत्येकाचा वेगळा असतो. बाबांनी आपला बिन रिकामा केला तरी ताईच्या खात्यातला भरलेलाच राहतो.

३. डिस्कचा नकाशा

एकेका फोल्डरचे प्रॉपर्टीज पाहणे म्हणजे घराच्या प्रत्येक कपाटात डोके घालण्यासारखे आहे. त्याऐवजी सगळ्या घराचा नकाशाच मिळाला तर?

असा नकाशा सुचला त्याची हकिकत मनोरंजक आहे. १९९० मध्ये अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठात बेन श्नायडरमन या प्राध्यापकांच्या प्रयोगशाळेत ८० एमबीची एक डिस्क होती आणि ती १४ जण मिळून वापरत. डिस्क सारखी भरायची आणि जागा कोणी खाल्ली ते कळायचे नाही. श्नायडरमन यांनी युक्ती काढली: सगळी डिस्क म्हणजे एक मोठा आयत, प्रत्येक फोल्डर म्हणजे त्यातला लहान आयत, आणि प्रत्येक फाइल म्हणजे त्याहून लहान. जेवढी फाइल मोठी, तेवढा चौकोन मोठा. या चित्राला ट्रीमॅप म्हणतात. आज शेअर बाजारापासून निवडणुकीच्या निकालांपर्यंत सगळीकडे ही आकृती दिसते, पण तिचा जन्म भरलेल्या डिस्कच्या तक्रारीतून झाला. आज आपण फोनवर काढलेला गरब्याचा एक मिनिटाचा व्हिडिओसुद्धा त्या चौदा जणांच्या अख्ख्या डिस्कएवढा किंवा त्याहून मोठा असू शकतो!

विनडिरस्टॅट हा मोफत प्रोग्रॅम असाच रंगीत नकाशा काढून देतो. ट्रीसाइज फ्री आणि विझट्री हेही त्याच कामाचे आहेत. मात्र असे प्रोग्रॅम त्यांच्या मूळ संकेतस्थळावरूनच घ्यावेत. जाहिरातीतून उगवणारे 'एका क्लिकमध्ये संगणक वेगवान करा' छापाचे क्लीनर घेऊ नयेत. रजिस्ट्री साफ करून जागा मिळते हा प्रचारही फोल आहे. त्याने हाती काही लागत नाही आणि बिघाडाची शक्यता वाढते.

नवा प्रोग्रॅम नको असेल तर विंडोज १० आणि ११ मध्ये सेटिंग्ज, मग सिस्टिम, मग स्टोरेज असे जा. कोणत्या प्रकारच्या सामानाने किती जागा घेतली ते तिथे पट्ट्यांनी दाखवलेले असते.

नकाशा पाहिला की बहुतेक घरांत एकच गोष्ट उघडी पडते. जागा खातात ते व्हिडिओ. थोडे आकडे पाहा. फोनवरचा एक फोटो सुमारे ३ ते ५ एमबी. फोरके दर्जाचे एक मिनिटाचे चित्रण, फोनच्या मांडणीनुसार, सुमारे १७० ते ३५० एमबी. आणि ३०० पानांचे मराठी पुस्तक साध्या युनिकोड मजकुरात? पानाला २००० अक्षरे आणि अक्षराला ३ बाइट धरले तर १८ लाख बाइट, म्हणजे २ एमबीसुद्धा नाही. तेव्हा जागा हवी म्हणून मुलांचे निबंध आणि आजोबांचे लेख पुसण्यात काही अर्थ नाही.

४. निर्धास्तपणे काय काढावे?

पहिला मान रीसायकल बिनचा. एकदा नीट चाळून तो रिकामा करावा.

दुसऱ्या टेम्पररी फाइली. सेटिंग्जमधल्या स्टोरेजमध्ये टेम्पररी फाइल्स हा विभाग आहे. तिथे ब्राउझरचा तात्पुरता साठा, अद्ययावत करण्यासाठी आलेल्या फाइली, लहान चित्रांचा साठा अशी यादी येते. यातले बरेचसे काढता येते. पण त्याच यादीत 'डाउनलोड्स' हेही नाव असते! ते टेम्पररी नसते. शाळेचा निकाल, वीजबिल, विमानाचे तिकीट, मामांनी पाठवलेले लग्नाचे फोटो, सगळे त्याच फोल्डरात उतरलेले असते. त्या चौकटीत खूण नाही ना, हे पाहूनच बटण दाबा.

तिसरे, न लागणारे खेळ आणि प्रोग्रॅम. ते सेटिंग्जमधल्या ॲप्स विभागातून अनइन्स्टॉल करावेत. नुसते फोल्डर पुसू नये.

चौथे, दुबार प्रती. 'न्यू फोल्डर', 'न्यू फोल्डर २', 'फोन जुना', 'फोन जुना सगळे' अशी फोल्डर कोणत्या घरात नाहीत? त्यात तेच फोटो तीनदा असतात आणि शेकडो सुप्रभात चित्रे असतात. सुप्रभात चित्रे खुशाल काढा. फोटोंच्या बाबतीत मात्र दोन्ही फोल्डरे उघडून, फाइलींची संख्या आणि आकार जुळवून मगच एक काढा.

पाचवे, जुने रिस्टोअर पॉइंट. संगणक नीट चालत असेल तर डिस्क क्लीनअपमधून सगळ्यात ताजा पॉइंट ठेवून बाकीचे काढता येतात.

५. थांबा, आधी आत डोकावून पाहा

*विंडोज डॉट ओल्ड.* विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि अनेक घरांनी विंडोज ११ घेतले. असा बदल केला की जुने विंडोज या नावाच्या फोल्डरात ठेवले जाते. परत मागे जायचे असेल तर सोय म्हणून. साधारणपणे १० दिवसांनी ते आपोआप पुसले जाते. त्यात आपला फायदा आहे आणि धोकाही. दुरुस्ती करणाऱ्याने डिस्क फॉरमॅट न करता विंडोज नव्याने बसवले असेल, तर तुमचे पूर्वीचे फोटो आणि कागदपत्रे याच फोल्डरातल्या यूजर्समध्ये जाऊन बसलेली असतात. घरचे म्हणतात, फोटो गेले. प्रत्यक्षात ते तिथेच असतात, ठरावीक मुदतीपर्यंत! म्हणून विंडोज नव्याने बसवून आणले की त्याच दिवशी हा फोल्डर उघडून पाहा आणि आपले सामान बाहेर काढा. मग तो पुसायला हरकत नाही. जागा शोधायला गेलेल्याला हरवलेले फोटो सापडावेत, याहून चांगली साफसफाई कोणती?

*वनड्राइव्ह.* पुष्कळ संगणकांत डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे फोल्डर वनड्राइव्हशी जोडलेले असतात. तिथली फाइल संगणकातून डिलीट केली की ती इंटरनेटवरच्या साठ्यातूनही जाते. 'वर आहेच की' या भरवशावर इथली पुसू नये. फाइलवर उजवी टिचकी मारून 'फ्री अप स्पेस' निवडावे. मग फाइल वर राहते आणि इथली जागा मोकळी होते. चुकून डिलीट झालीच तर घरगुती खात्याच्या ऑनलाइन रीसायकल बिनमध्ये ती ३० दिवस राहते.

*जुने मराठी फाँट आणि जुने प्रोग्रॅम.* हा मुद्दा आपल्यासारख्या, महाराष्ट्राबाहेर पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या मराठी घरांसाठी आणि संस्थांसाठी फार महत्त्वाचा आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी आपल्या स्मरणिका, लग्नपत्रिका, कुलवृत्तान्त, गणेशोत्सवाची पत्रके श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशा प्रणालींच्या फाँटांत आणि बहुतेक वेळा पेजमेकरमध्ये जुळवली जात. अशा फाइलीत खरे म्हणजे रोमन अक्षरांचे संकेत साठवलेले असतात. फाँट त्यांना मराठी रूप देतो. 'हे जुने फाँट कशाला?' म्हणून ते काढले की त्या फाइली अर्थहीन रोमन अक्षरांची रांग होऊन बसतात. फाइल जागेवर, पण मजकूर वाचता येत नाही.

फाँटची फाइल क्वचितच १ एमबीच्या पुढे जाते. ती काढून काहीच मिळत नाही. उलट असे करा: जिथे ती जुनी फाइल अजून नीट उघडते, त्याच संगणकावर तिची पीडीएफ करून घ्या. मूळ फाइल, तिचे फाँट आणि पीडीएफ एकाच फोल्डरात ठेवा. मजकूर पुन्हा वापरायचा असेल तर तो युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि जोडाक्षरे डोळ्यांनी तपासा. कार्यालयातील जुना संगणक भंगारात देण्यापूर्वी विश्वस्तांनी हा एक प्रश्न जरूर विचारावा: यातल्या जुन्या अंकांच्या फाइली दुसरीकडे उघडतात का?

६. याला हात लावू नये

विंडोज आणि प्रोग्रॅम फाइल्स या फोल्डरांतल्या फाइली हाताने पुसू नयेत. डिस्कवरचे लहान रिकव्हरी भाग काढू नयेत. पेजफाइल विंडोजकडेच राहू द्यावी. हायबरनेशनची फाइल डिलीट करायची नसते, ती सोय बंद केली की फाइल आपोआप जाते. पण त्याबरोबर संगणक झटपट सुरू होण्याची सोयही जाते. तेव्हा ३ जीबीची खरोखर निकड असेल तरच, आणि जाणकाराच्या मदतीने ते करावे.

७. पुसले म्हणजे काय झाले?

बडोद्याच्या मुलांना हे समजवायला मध्यवर्ती ग्रंथालयाइतके चांगले उदाहरण नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालांना बोलावून बडोद्यात ग्रंथालयांची व्यवस्था बसवली. मोठ्या ग्रंथालयात पुस्तक सापडते ते सूचीमुळे. आता समजा, कोणी सूचीतले कार्ड काढून टाकले. पुस्तक कपाटात तसेच आहे, पण ते तिथे आहे हे कोणालाच माहीत नाही, आणि ती जागा रिकामी समजून उद्या तिथे दुसरे पुस्तक येईल.

डिस्कवर फाइल डिलीट होते ती अशीच. रीसायकल बिनमध्ये असेपर्यंत कार्ड नुसते दुसऱ्या खणात ठेवलेले असते. बिन रिकामा केला की कार्ड जाते. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर मजकूर त्यानंतरही, दुसरे काही वर लिहिले जाईपर्यंत, शिल्लक राहू शकतो. म्हणून चुकून काही पुसले गेले तर संगणक वापरणे ताबडतोब थांबवावे. हल्लीच्या एसएसडीवर मात्र विंडोज डिस्कला 'हे खण मोकळे झाले' असे लगेच कळवते आणि डिस्क ते साफ करून टाकते. तिथे परत मिळण्याची आशा फार थोडी. संगणक जितका नवा, तितकी आधीची काळजी अधिक घ्यावी.

८. प्रत करा, तपासा, मग पुसा

व्हिडिओ बाहेरच्या डिस्कवर हलवताना 'कट' करू नका, 'कॉपी' करा. कॉपी झाल्यावर दोन्हीकडच्या फोल्डरांचे प्रॉपर्टीज उघडून फाइलींची संख्या व एकूण साइज जुळते का पाहा. मग कोणत्याही पाच फाइली बाहेरच्या डिस्कवरून उघडून पाहा. व्हिडिओ शेवटपर्यंत चालतो का हेही पाहा. त्यानंतरच मूळ पुसा, आणि तेही दुसरी एखादी प्रत असेल तरच. बाहेरच्या डिस्कवर हलवले म्हणजे सुरक्षित झाले असे नाही, कारण प्रत पुन्हा एकच राहिली. मोलाच्या गोष्टीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यातली एक घराबाहेर, हा नियम पाळावा. पुण्याच्या आत्याकडे एक डिस्क ठेवली तरी चालेल.

पेन ड्राइव्हवर भरपूर जागा असूनही लग्नाचा व्हिडिओ जात नाही, असे झाले तर घाबरू नका. ड्राइव्ह फॅट३२ या जुन्या पद्धतीचा असेल तर त्यावर ४ जीबी किंवा त्याहून मोठी एकसलग फाइल मावत नाही. एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केल्यास मावते. पण फॉरमॅट केल्याने ड्राइव्हवरचे सर्व पुसले जाते, हे विसरू नका.

घरात जुन्या सीडी आणि डीव्हीडी असतील तर त्या आधी उतरवून घ्या. एका सीडीत ७०० एमबी आणि साध्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतात. त्या खराब होत जातात आणि नव्या संगणकांत त्या वाचायचा ड्राइव्हही सहसा नसतो. जागा मोकळी केली ती अशाच कामासाठी वापरावी.

स्वाध्याय

१. घरच्या संगणकाचा ताळेबंद वर दाखवल्याप्रमाणे वहीत मांडा. किती जीबीचा हिशेब लागला नाही?

२. ६४ जीबीचा पेन ड्राइव्ह विंडोजमध्ये साधारण किती जीबी दिसेल? गणित करून दाखवा.

३. डिस्कवरच्या सगळ्यात मोठ्या दहा फाइली शोधा. प्रत्येकीपुढे लिहा: कोणाची, कधीची, दुसरी प्रत आहे का. पुसण्याचा निर्णय मात्र घरच्या मोठ्यांना विचारूनच घ्या.

४. घरात आजी-आजोबांच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण किंवा जुन्या फाँटातली एखादी मराठी फाइल आहे का, विचारा. असल्यास या आठवड्यात तिची दुसरी प्रत करा.

चौथा प्रश्न गुणांसाठी नाही, पण वेळ कमी असेल तर आधी तोच सोडवा.